कोटेशनवर पूर्ण मॉडेल लिहून घ्या
एडिटिंग आणि गेमिंगसाठी बेताच्या खर्चात कॉम्प्युटर जोडताना

‘एडिटिंगही होईल आणि गेमही चालतील, असा कॉम्प्युटर बेताच्या पैशांत सुचवा’ असे विचारणाऱ्या वाचकांच्या हातात बहुधा दुकानातून आणलेली एक चिठ्ठी असते. परवा एकाने दाखवलेल्या चिठ्ठीवर एवढेच होते: ‘आय-७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, कॅबिनेट एसएमपीएससह’. खाली एक रक्कम, तिच्याभोवती गोल.

चिठ्ठीत खोटे काहीच नव्हते, पण कामाचेही काही नव्हते. २०१२ सालचा आय७-३७७० हाही ‘आय-७’च आणि २०२२ चा आय७-१२७०० हाही ‘आय-७’च. त्या जुन्या आय-७ला आजचा चार कोअरचा आय३-१२१०० सहज मागे टाकतो. शिवाय त्या जुन्या आय-७वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ‘४ जीबी ग्राफिक्स’ म्हणजे २०१४ चे जीटी ७३० सुद्धा असू शकते. त्यावर फार तर मॉनिटर लागेल, आजचा गेम चालणार नाही.

म्हणून पहिली सूचना हीच: प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल लिहिलेले नसेल, तर ते कोटेशन नाही. पुढचे सारे या एका सूचनेचा विस्तार आहे.

पायरी १ : आधी स्वतःचे काम कागदावर लिहा

दुकानात जाण्यापूर्वी या पाच प्रश्नांची उत्तरे लिहून काढा.

- फुटेज कशावर शूट होते? मोबाइलवर, जुन्या डीएसएलआरवर की १०-बिट रेकॉर्ड करणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्यावर?
- तयार व्हिडिओ १०८०पी हवा की ४के?
- कोणते सॉफ्टवेअर वापरता? दा विंची रिझॉल्व्हचा भर ग्राफिक्स कार्डावर असतो. प्रीमियर प्रोला प्रोसेसर आणि त्यातली व्हिडिओ उलगडण्याची सोय दोन्ही लागतात.
- कोणते गेम खेळता? व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ साध्या कार्डावरही चालतात. सायबरपंक २०७७ सारख्या गेमला दमदार कार्ड लागते.
- आठवड्यात एडिटिंगचे तास किती, खेळण्याचे किती?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्या. कमाई एडिटिंगवर असेल तर रॅम आणि साठवणीला आधी पैसे द्या. खेळ मुख्य असेल तर ग्राफिक्स कार्डाला द्या. दोन्हींना सारखाच न्याय देण्याच्या नादात बहुतेक जण प्रोसेसरवर जास्त खर्च करतात आणि बाकीच्या भागांत हात आखडतात.

पायरी २ : शंभर रुपयांची वाटणी

भाव दर आठवड्याला हलतात. म्हणून रकमेऐवजी प्रमाण लक्षात ठेवा. मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड-माउस आणि विंडोज बाजूला ठेवून उरलेल्या शंभर रुपयांची वाटणी साधारण अशी असावी:

- ग्राफिक्स कार्ड : ३५
- प्रोसेसर : १८
- रॅम : १४
- मदरबोर्ड : १२
- एसएसडी : १०
- एसएमपीएस : ७
- कॅबिनेट आणि पंखे : ४

खेळ जास्त असेल तर कार्डाचा वाटा ४० पर्यंत न्या. एडिटिंग जास्त असेल तर कार्डातले पाच रुपये रॅम आणि एसएसडीकडे वळवा. एसएमपीएसच्या सात रुपयांना मात्र हात लावू नका.

रॅमबद्दल थोडे सावध राहा. एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरीचे उत्पादन वळल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले. महिन्यापूर्वीचे कोटेशन घेऊन दुकानात गेलात तर हिशेब चुकेल, म्हणून रॅमचा भाव खरेदीच्या दिवशीच विचारा. घरच्या जुन्या मशीनमध्ये डीडीआर४ रॅमच्या चांगल्या स्टिक असतील तर त्या वापरता येतील असा मदरबोर्ड घ्या. तेवढ्यानेही मोठी बचत होते.

पायरी ३ : प्रोसेसर

बेताच्या खर्चात आज सहा कोअर आणि बारा थ्रेडचा प्रोसेसर पुरतो. तीन वाटा समोर आहेत.

- इंटेल कोअर आय५-१२४०० : एडिटिंग करणाऱ्यांची पहिली पसंती हीच असावी. याच्या आतल्या ग्राफिक्समध्ये ‘क्विक सिंक’ ही व्हिडिओ उलगडणारी वेगळी यंत्रणा आहे. सोनी, कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांतले एच.२६५, ४:२:२, १०-बिट फुटेज ती सहज पेलते. आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेच्या कार्डांना हे जमत नाही, ५० मालिकेपासून जमते.
- एएमडी रायझन ५ ५६०० : खेळ जास्त आणि फुटेज मोबाइलचे किंवा साधे ८-बिट असेल तर हा चांगला. एएम४ हे त्याचे सॉकेट जुने झाले आहे, पुढे नवा प्रोसेसर बसवायला फार वाव नाही. मात्र त्याला डीडीआर४ रॅम आणि स्वस्त मदरबोर्ड चालतात.
- एएमडी रायझन ५ ७६०० : थोडे जास्त पैसे असतील तर हा घ्या. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. तीन वर्षांनी मदरबोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येईल. याला डीडीआर५ रॅमच लागते.

नावाच्या शेवटचे अक्षर वाचा. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर आतले ग्राफिक्स नाही. म्हणजे क्विक सिंकही नाही. १२४०० आणि १२४००एफ यांच्या किमतीत थोडाच फरक असतो. तेवढे पैसे वाचवण्यासाठी एडिटरने ‘एफ’ घेऊ नये. रायझन ५ ५६०० लाही आतले ग्राफिक्स नाही, कार्ड न लावता त्यावर पडद्यावर काहीच दिसणार नाही. ५६००जी मध्ये ते आहे.

वर सांगितलेल्या तिन्ही प्रोसेसरच्या सीलबंद खोक्यात कूलर मिळतो. इंटेलच्या ‘के’ मॉडेलबरोबर आणि ७६००एक्सबरोबर मिळत नाही, तो खर्च वेगळा धरा. ‘ट्रे’ म्हणजे खोक्याविना सुटा विकला जाणारा प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्यात कूलर नसतो आणि उत्पादकाची तीन वर्षांची वॉरंटी बहुधा ग्राहकाला थेट मिळत नाही.

इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा वरचा प्रोसेसर जुना घेत असाल तर आणखी एक काळजी घ्या. त्यातले काही व्होल्टेजच्या दोषामुळे अस्थिर होत असत. ऑगस्ट २०२४ पासून इंटेलने मदरबोर्डच्या बायॉसमधून त्यावर सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जो भाग सुधारणेपूर्वी बराच काळ वापरला गेला असेल, तो टाळा.

पायरी ४ : ग्राफिक्स कार्ड

कार्डावर किती जीबी लिहिले आहे एवढेच पाहू नका. आधी मॉडेल पाहा, मग जीबी.

- १०८०पी गेम आणि १०८०पी एडिटिंग : आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६०. दोन्हींत ८ जीबी.
- ४के एडिटिंग आणि १०८०पी गेम : आरटीएक्स ३०६० चे १२ जीबीचे मॉडेल किंवा इंटेल आर्क बी५८०, तेही १२ जीबी.
- ४के एडिटिंग, रिझॉल्व्हमध्ये नॉइज रिडक्शन आणि १४४०पी गेम : आरटीएक्स ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्हींचे १६ जीबीचे मॉडेल.

शेवटची दोन्ही कार्डे ८ जीबीमध्येही येतात आणि खोकी जवळजवळ सारखीच दिसतात. बिलावर ‘१६ जीबी’ लिहिल्याशिवाय पैसे देऊ नका. रिझॉल्व्हमध्ये ४के टाइमलाइनवर इफेक्ट चढले की ८ जीबी लवकर भरते. मग ‘मेमरी पूर्ण भरली’ असा संदेश येतो आणि एक्स्पोर्ट मध्येच थांबतो.

दोन सापळे ओळखून ठेवा:

- आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी : स्वस्त दिसतात, पण त्यांत व्हिडिओ एन्कोड करणारी यंत्रणाच नाही. एडिटिंगसाठी घेऊ नका.
- आर्क कार्ड जुन्या मशीनवर : मदरबोर्डमध्ये ‘रिसाइझेबल बार’ ही सोय नसेल तर आर्कचा वेग बराच पडतो. सोय आहे का ते आधी तपासा, असेल तर बायॉसमध्ये चालू करा.

पैसे आज पुरत नसतील तर अर्धे-अर्धे करू नका. आय५-१२४०० किंवा रायझन ५ ५६००जी घेऊन कार्डाविना सुरुवात करा. १०८०पी फुटेज कापता-जोडता येईल, व्हॅलोरंटही चालेल. चार-सहा महिन्यांनी चांगले कार्ड बसवा. आज कामचलाऊ कार्ड घेऊन वर्षाने ते मिळेल त्या भावात विकण्यापेक्षा हे परवडते.

पायरी ५ : मदरबोर्ड आणि रॅम

मदरबोर्ड कॉम्प्युटरचा वेग फारसा वाढवत नाही, पण पुढची वाट तोच ठरवतो. निवडताना चार गोष्टी पाहा.

- सॉकेट : आय५-१२४०० ला एलजीए१७००, रायझन ५६०० ला एएम४, ७६०० ला एएम५.
- रॅमचा प्रकार : एलजीए१७०० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही येतात. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही.
- एम.२ खाचा : एडिटिंगसाठी निदान दोन हव्यात. एच६१० च्या बहुतेक बोर्डांवर एकच असते.
- रॅमच्या खाचा : चार असतील तर पुढे वाढवायला जागा राहते.

या हिशेबाने इंटेलसाठी बी७६०, एएम४ साठी बी५५० आणि एएम५ साठी बी६५० ही मालिका योग्य. ए५२० बोर्ड स्वस्त असतो, पण त्यावर पीसीआय एक्स्प्रेसची तिसरीच पिढी मिळते. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ही कार्डे आठच लेन वापरतात, त्यामुळे तिथे त्यांची थोडी अडवणूक होते.

रॅम १६ जीबीपेक्षा कमी घेऊच नका. ४के एडिटिंगला ३२ जीबी हवी. एकाच स्टिकऐवजी सारख्या दोन स्टिक घ्या, म्हणजे मेमरीचे दोन्ही मार्ग एकदम चालतात. कार्डाविना सुरुवात करणाऱ्यांना तर याचा फार फायदा होतो, कारण आतले ग्राफिक्स रॅमवरच जगते. आज १६ जीबीच परवडत असेल तर डीडीआर४ च्या चार खाचांच्या बोर्डवर ८-८ च्या दोन स्टिक लावा, पुढे आणखी दोन लावता येतील. डीडीआर५ मध्ये चार स्टिक लावल्या की वेग उतरतो. तिथे १६ ची एक स्टिक घ्या आणि पैसे जमल्यावर त्याच मॉडेलची दुसरी लावा.

पायरी ६ : साठवण – एका लग्नाचा हिशेब

एसएसडी किती घ्यावी याचे उत्तर फुटेजच्या आकारात असते. आयफोनवर ४के, ३० फ्रेमचे एचईव्हीसी फुटेज मिनिटाला सुमारे १७० एमबी होते, म्हणजे तासाला दहा जीबी. १०० मेगाबिटने रेकॉर्ड करणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी खातो. लग्नात दोन कॅमेरे तीन-तीन तास चालले तर २७० जीबी झाले. विंडोज, सॉफ्टवेअर आणि एक-दोन गेम धरून ५१२ जीबीची एसएसडी एका लग्नातच भरली.

म्हणून अशी मांडणी ठेवा:

- ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी : विंडोज, सॉफ्टवेअर, गेम.
- १ टीबीची दुसरी एनव्हीएमई : चालू कामाचे फुटेज. तिसऱ्या पिढीची, सेकंदाला ३,५०० एमबी वाचणारीही पुरते.
- हार्ड डिस्क : संपलेले काम. फुटेज तिच्यावरून एडिट करू नका.
- ग्राहकाचे पैसे घेतलेले प्रत्येक काम दोन वेगवेगळ्या डिस्कवर. एक डिस्क गेली म्हणून कुणाच्या लग्नाची आठवण जाऊ नये.

स्वस्तातल्या क्यूएलसी एसएसडी सुरुवातीला वेगाने लिहितात आणि मोठी कॉपी सुरू असताना मध्येच मंदावतात. फुटेजच्या डिस्कसाठी टीएलसी प्रकारची मागा.

मशीन थोडे कमी पडले तर प्रॉक्सी वापरा. मूळ ४के फुटेजच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम करायचे आणि एक्स्पोर्टच्या वेळी मूळ फुटेज जोडायचे. रिझॉल्व्ह आणि प्रीमियर दोन्हींत ही सोय आहे. काही हजारांचे नवे कार्ड घेण्याआधी ही फुकटची सोय वापरून पाहा.

पायरी ७ : एसएमपीएस, वीज आणि ऊन

‘कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट’ हे वाक्य ऐकले की तो एसएमपीएस तिथेच सोडून द्या. त्यावर ४५० वॉट छापलेले असते, पण भार वाढला की मशीन मध्येच बंद पडते, आणि तो जळाला तर कधी कधी मदरबोर्डही घेऊन जातो.

हिशेब सोपा आहे. आय५-१२४०० भाराखाली सुमारे ९० वॉट घेतो, आरटीएक्स ३०६० सुमारे १७०, बाकीचे सगळे मिळून ५० ते ६०. एकूण सव्वातीनशेच्या आत. त्यासाठी नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉटचा, ‘८० प्लस ब्राँझ’ प्रमाणपत्राचा एसएमपीएस घ्या. वॉरंटी निदान पाच वर्षांची असावी.

- यूपीएस : ६०० व्हीएच्या बहुतेक यूपीएसना साधारण ३६० वॉटच पेलवतात, म्हणजे मॉनिटर धरून काठावर. १ केव्हीएचा घ्या. तो वीज गेल्यावर काम चालू ठेवण्यासाठी नाही, काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यासाठी आहे.
- अर्थिंग : कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोटाची मागची बाजू हलकेच लागली आणि झिणझिण्या आल्या, तर सॉकेटला अर्थिंग नाही. मशीन बंद करा, वायरमनला बोलवा. जुन्या वाड्यांत आणि गावाकडच्या घरांत हे हमखास आढळते.
- हवा : नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पुढून जाळी असलेले कॅबिनेट, पुढे दोन पंखे आत घेणारे, मागे एक बाहेर सोडणारा. पुढे काच असलेले कॅबिनेट देखणे असते, पण हवा कोंडते. धुळीची जाळी महिन्यातून एकदा झटका.

पायरी ८ : मॉनिटर

रंग तपासायचे असतील तर आयपीएस पॅनेल आणि ‘एसआरजीबी ९९ टक्के’ किंवा जास्त, एवढे पाहा. २४ इंची १०८०पी किंवा २७ इंची १४४०पी. खेळासाठी १०० ते १६५ हर्ट्झ पुरेसे आहे. वाकडा पडदा आणि रंगीत दिवे यांवर जाणारे पैसे रॅमकडे वळवा.

वापरलेले भाग घेताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत नव्याबरोबर जुन्या भागांचाही सौदा होतो. घासाघीस जरूर करा, पण हे पाळा:

- प्रोसेसर जुना घ्यायला हरकत नाही. एएम४ असेल तर खालच्या पिना वाकलेल्या नाहीत ना, ते उजेडात धरून पाहा.
- ग्राफिक्स कार्ड समोर मशीनला लावून अर्धा तास जड गेम चालवायला सांगा. ‘जीपीयू-झेड’ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल आणि मेमरी पडताळा. जुन्या कार्डाचे नाव बदलून विकण्याची लबाडी त्यातून पकडता येते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमचे मायनिंग बंद झाले, तेव्हा अहोरात्र तापलेली कार्डे बाजारात आली. त्या काळातल्या कार्डाचे पंखे आणि तापमान नीट तपासा.
- एसएमपीएस, एसएसडी आणि हार्ड डिस्क जुनी घेऊ नका.
- सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी किती उरली आहे ते पाहा.

मशीन घरी आल्यावर पहिल्याच दिवशी

बार्शीकडचा एक लग्नाचे शूटिंग करणारा तरुण ‘नवे कार्ड लावूनही गेम अडकतो’ ही तक्रार घेऊन आला होता. मशीन मागून पाहिले. मॉनिटरची केबल वरच्या बाजूला, मदरबोर्डच्या उभ्या पट्टीत होती. खाली आडव्या पट्टीत कार्डाचे तीन-चार पोर्ट प्लॅस्टिकच्या टोप्यांसह तसेच. चार महिने कार्ड नुसते बसून होते. केबल वरून काढून खाली लावली आणि काम झाले. अशा चुका साध्या आणि फार सर्रास होतात, म्हणून ही यादी एक-एक करून तपासा.

- मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच आहे का?
- चार खाचांपैकी प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत रॅमच्या दोन स्टिक आहेत का?
- बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू आहे का? नसेल तर ३,२०० ची रॅम २,१३३ किंवा २,४०० ने चालत राहते. टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’खाली वेग दिसतो.
- विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर १४४ हर्ट्झवर आहे की ६० वर?
- ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर रॅम बदलून घ्या.
- ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’मध्ये एसएसडी किती तास चाललेली आहे ते पाहा. नवी म्हणून दिलेली डिस्क शेकडो तास चाललेली निघाली तर ती नवी नाही.
- वीस मिनिटांचा एक ४के एक्स्पोर्ट करा आणि तापमान लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात तुलना करता येईल.

सॉफ्टवेअर चोरीचे वापरू नका. व्हायरसमुळे ग्राहकाचे फुटेज गेले तर बचतीपेक्षा नुकसान कितीतरी मोठे. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ४के यूएचडी आणि ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट देते, नवख्या व्यावसायिकाला ती पुरते.

बिल आणि तुमचे हक्क

‘बिल नको असेल तर कमी करतो’ हा दुकानातला नेहमीचा प्रस्ताव असतो. कॉम्प्युटरच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे मोह होतो. तरी नकार द्या. बिलाविना वॉरंटी मागणे अवघड होते आणि तक्रार करायला पुरावा राहत नाही. स्टुडिओची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला क्रमांक घाला, भरलेल्या कराची वजावट मिळते.

- बिलावर काय हवे : प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल, सीरियल नंबर, तारीख, वॉरंटीचा कालावधी. ‘असेंबल्ड कॉम्प्युटर – १ नग’ असे बिल घेऊ नका.
- वॉरंटी कुणाची : दुकानाची की उत्पादकाची, हे विचारा. परदेशातून परस्पर आणलेल्या मालाला भारतातली वॉरंटी बहुधा लागू होत नाही. लातूर-जळगावच्या ग्राहकाने सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि कुरियरचा खर्च कुणाचा, हेही विचारून घ्यावे.
- सदोष माल : ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे परत करण्यास नकार देणे, हीसुद्धा अनुचित प्रथाच. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापल्याने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही.
- ऑनलाइन खरेदी : खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, पत्त्याची चिठ्ठी आणि सीरियल नंबर त्यात दिसू द्या. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण द्यायचे असते.
- दाद कुठे : आधी दुकानदाराला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही काही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, खरेदी मुंबईत झाली असली तरी. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची.

शेवटचे

ती पहिली चिठ्ठी घेऊन आलेल्या वाचकाला मी चिठ्ठीच्या मागे सात ओळी लिहून दिल्या. प्रत्येक ओळीत एक भाग आणि पुढे मोकळी जागा. तुम्हीही तसा कागद करा, तीन दुकानांत तोच कागद द्या आणि मोकळ्या जागेत पूर्ण मॉडेल व भाव लिहून मागा. जो दुकानदार आनंदाने लिहून देईल, त्याचा भाव दोन-पाचशे रुपये जास्त असला तरी त्याच्याकडूनच घ्या. जो ‘चांगलंच देतो, काळजी करू नका’ एवढेच म्हणेल, तिथून नम्रपणे निघा. पैसे तुमच्या मेहनतीचे आहेत. ते कोणत्या वस्तूसाठी देत आहात, हे कागदावर लिहून मिळाल्याशिवाय देऊ नका.